गाठ फोडून पाहा

सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं की वावरातलं एखादं झाड कुदळीनं उकरून काढावं, मुळाभोवती वीतभर माती धरून. उपटू नये. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि माणूस म्हणतो, यंदा गाठी आल्याच नाहीत. काळ्या मातीचा तो गोळा बादलीत तासभर भिजू द्यावा आणि हलक्या हातानं धुवावा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात आणि पहिला मोह होतो तो त्या मोजायचा. पण मोजून फारसं कळत नाही. ब्लेडनं गाठ मधोमध कापली आणि आतून गुलाबी-लाल निघाली, तर आतले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या भाऊबंदाचा. नत्र बांधणारं विकर प्राणवायूच्या संगतीत बिघडतं, म्हणून झाड हे द्रव्य तयार करून प्राणवायू बेतानं पुरवतं. गाठ आतून पांढरी निघाली तर ती झाडाची साखर खाते आणि बदल्यात काही देत नाही. आणि खरी मेख इथं आहे: निकामी जिवाणूंच्या गाठी बहुधा बारीक, सगळ्या मुळांवर विखुरलेल्या आणि संख्येनं जास्त असतात. कामाच्या गाठी थोड्या, पण टपोऱ्या, आणि मुख्य मुळाच्या वरच्या भागात दाटलेल्या असतात. नुसती मोजणी केली तर निकामी झाडाचा पहिला नंबर येतो.

संशोधकाचं काम तपासताना आपल्याकडच्या समित्या गाठी मोजतात. शोधनिबंध किती, उद्धरणं किती, एच-निर्देशांक किती. हा निर्देशांक होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली मांडला. एखाद्याचे दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले असतील, तर त्याचा निर्देशांक दहा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये अध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी गुणांचे तक्ते आणले आणि छापलेल्या प्रत्येक निबंधाला भाव आला. पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं बोकाळली. मग मान्य नियतकालिकांची यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद केली. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती त्याआधीच, २०२२ च्या नियमांत काढली होती. म्हणजे मोजणी फसते हे मोजणाऱ्यांनाही कळून चुकलं आहे. तिच्या जागी काय आणायचं, हे मात्र ठरलेलं नाही. विदर्भातल्या कृषी महाविद्यालयांत आणि तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयांत जे संशोधन चालतं ते लोकांच्या पैशातून चालतं, त्यामुळं हा प्रश्न प्राध्यापकांच्या बढतीपुरता नाही. संशोधकाची नोंद मोजू नये, फोडून पाहावी, आणि फोडल्यावर सगळ्यात आधी त्यात कोरा तास आहे का ते पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

तास म्हणजे पेरणीची ओळ. कोरा तास म्हणजे काय, ते पाकिटावरून कळेल. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट मिळतं. २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, अशी शिफारस. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून ते पाणी पूर्ण थंड करायचं, त्यात पाकिटातलं जिवाणूंचं संवर्धक कालवायचं, आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं. सगळं पाणी ओतायचं नाही, दाणा ओलसर होण्यापुरतंच घ्यायचं. सोयाबीनची साल पातळ असते. पाणी जास्त झालं किंवा हात जोरात चालला की साल सुटते आणि उगवण मार खाते. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. मग सावलीत सुकवून लगेच पेरायचं. कास्तकार हे सगळं करतो, पीक बरं येतं, आणि तो म्हणतो पाकीट चाललं. शेजाऱ्याचं पीकही बरं आलेलं असतं, पाकिटाशिवाय. मग चाललं काय?

हे ठरवायला त्याच वावरात, त्याच दिवशी, तेच बियाणं संवर्धक न लावता पेरलेले काही तास हवेत. शास्त्रात त्याला कंट्रोल म्हणतात, आपण कोरा तास म्हणू. कोरा तास राखणं वाटतं तितकं सोपं नाही. लावलेलं बियाणं आधी पेरलं आणि त्याच तिफणीनं किंवा पेरणीयंत्रानं नंतर कोरं बियाणं पेरलं, तर चाड्यात, नळीत आणि हाताला चिकटलेले जिवाणू कोऱ्या तासातही जातात. म्हणून कोरं आधी पेरायचं. उतारावरच्या वावरात कोरे तास वरच्या अंगाला ठेवायचे, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती खाली वाहते आणि दोन्हींतला फरक पुसला जातो. एकच कोरा पट्टा ठेवूनही भागत नाही. वावराची एक बाजू मुळातच चांगली असते, हे कुठल्याही कास्तकाराला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक प्रकार निदान चार ठिकाणी, आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. शिवाय एक तिसरा प्रकार हवा, जो बहुतेक प्रयोगांतून गळतो: संवर्धक नाही, पण भरपूर युरिया दिलेला. या तिसऱ्या पट्ट्यातही पीक कोऱ्यापेक्षा सरस आलं नाही, तर त्या वावरात नत्राची वानवा नव्हतीच. अडचण स्फुरदाची असेल, जस्ताची असेल, पाण्याची असेल. अशा वावरात संवर्धकाला श्रेय किंवा दोष देणं दोन्ही चूक.

आता एखाद्याचा निबंध उघडा आणि पाहा: तिसरा पट्टा आहे का? कोरा तास आधी पेरला होता हे लिहिलं आहे का? गाठींची नुसती संख्या दिली आहे, की वाळलेल्या गाठींचं वजन आणि आतला रंगही दिला आहे? या तीन प्रश्नांना दहा मिनिटं लागतात आणि पन्नास निबंधांच्या यादीपेक्षा जास्त कळतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडं ढिगानं आहे. मातीतून जिवाणू वेगळे करायचे, पिकोव्हस्कायाच्या माध्यमावर वाढवायचे आणि वसाहतीभोवती पारदर्शक कडं पडलं की 'स्फुरद विरघळवणारा नवा जिवाणू सापडला' असा निबंध लिहायचा. ते माध्यम १९४८ सालचं आहे आणि त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. काचेच्या थाळीत जिवाणूनं थोडं आम्ल सोडलं की ते विरघळतं. आपली काळी माती थाळीसारखी वागत नाही. तिचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या पुढं, चुना भरपूर, आणि आलेलं आम्ल पचवून टाकायची तिची ताकद जबर. बडोद्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. माध्यमात काळ्या मातीसारखा आम्ल शोषणारा गुण आणला, तर थाळीवर शेर ठरलेले बरेच जिवाणू स्फुरद सोडवेनासे होतात. म्हणजे काळ्या मातीसाठी कडं पाहण्याआधी ही चाचणी घ्यायला हवी. ती न घेता छापलेले कड्यांचे निबंध समितीच्या तक्त्यात पूर्ण गुण मिळवतात, आणि ज्यानं ती घेऊन 'यातला एकही इथं चालत नाही' असं लिहिलं त्याला छापायला जागा मिळत नाही. हा अन्याय संशोधकावर आहेच, पण त्याहून मोठा तो पाकीट विकत घेणाऱ्या कास्तकारावर आहे.

'फरक पडला नाही' हा निकाल विदर्भात फार मोलाचा आहे. सोयाबीन इथं नवं होतं तेव्हा त्याचा जोडीदार जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, आपल्या मातीत जवळपास नव्हता. संवर्धकाशिवाय गाठी येणं अवघड होतं. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या वावरात तो आता मुक्कामाला आहे. तिथं पाकिटातल्या नवख्या जिवाणूला जुन्या रहिवाशांशी झुंजावं लागतं आणि पुष्कळदा तो हरतो. तुरीचं वेगळं: तूर कुणाशीही जमवून घेते, देशी जिवाणू तिच्या मुळाशी गाठी करतात, पण त्यातले सगळे कामसू नसतात. हरभरा तिसऱ्याच तऱ्हेचा, त्याला त्याचाच खास जिवाणू लागतो. म्हणजे कोणत्या गावात, कोणत्या पिकाला, किती वर्षांच्या फेरपालटीनंतर पाकीट लागतं आणि कुठं लागत नाही, याचा नकाशा हवा. तो नकाशा 'फरक पडला' आणि 'फरक पडला नाही' या दोन्ही निकालांनी मिळूनच तयार होतो. अर्धे निकाल पेटीत बंद राहिले तर नकाशाही अर्धाच राहणार.

पाकिटाच्या आत काय असतं, हेही फोडून पाहण्यासारखं आहे. जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. हिशोब मांडून पाहा. २५० ग्रॅममध्ये १,२५० कोटी पेशी. दहा किलो सोयाबीनमध्ये, शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरलं तर, सुमारे ९० हजार दाणे. एका दाण्याच्या वाट्याला साधारण १ लाख ३९ हजार पेशी. सोयाबीनसाठी दाण्यामागं लाखभर पेशी ही जेमतेम पुरेशी मात्रा मानतात. म्हणजे पाकीट नियमाला अगदी धरून असलं तरी हातात फारसं शिल्लक नाही. आता तेच पाकीट मे महिन्यात टिनाच्या छपराखाली पडलं आहे, बाहेर पारा ४५ अंशांवर. पेशी दहापट घटल्या की दाण्यामागं चौदा हजार उरतात आणि उपचार नावापुरता राहतो. ब्राझीलमध्ये हाच किमान आकडा ग्रॅमला १०० कोटी आहे, आपल्या भुकटीच्या वीसपट.

ब्राझीलचं नाव घेतलं, तर संशोधकाची नोंद कशी वाचावी याचा धडाच तिथं आहे. योहाना डोबेराइनर ही चेकोस्लोव्हाकियात जन्मलेली शास्त्रज्ञ. सोयाबीनला नत्रखत न देता जिवाणूंच्या भरवशावर वाढवायचं, ही बाजू तिनं ब्राझीलमध्ये लावून धरली, आणि पैदासकारांनी वाणांची निवडही त्याच धोरणानं केली. जिवाणूंच्या निवडक जाती सरकारी संग्रहात ठेवल्या जातात, तिथूनच उत्पादकांना मूळ संवर्धक मिळतं आणि पेरणीगणिक बियाण्याला ते लावलं जातं. तिथलं सोयाबीन आज बहुतांशी युरियाशिवाय उभं असतं. ती परंपरा पुढं नेणाऱ्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. यांचे निबंधही भरपूर आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण मोलाच्या नोंदी पाहायच्या तर त्या निबंधांच्या संख्येत सापडत नाहीत: संग्रहात नंबर देऊन जिवंत ठेवलेल्या जाती, वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी घेतलेले कोऱ्या तासांचे प्रयोग, आणि त्यातून ठरलेली शिफारस. आपल्याकडं पुण्यात, चंदीगडला आणि उत्तर प्रदेशात मऊला असे संग्रह आहेत. एखाद्यानं वीस जिवाणू 'शोधले' आणि संग्रहात एकही ठेवला नाही, तर त्याचं काम दुसऱ्या कुणाला तपासताच येणार नाही. शीतकपाटातली ती नळी वीज गेली की मरते आणि तिच्याबरोबर निबंधही.

आता धुऱ्यावरून शेंड्याकडं पाहू. तुरीच्या मुळाशी जिवाणू काम करतात आणि तीच तूर फुलावर आली की वांदरांचा कळप येऊन बसतो. एखाद्या संशोधकाच्या नोंदीत वनस्पती-सूक्ष्मजीव संबंध आणि नरवानर गणाचं जीवशास्त्र असे दोन विषय एकत्र दिसले, तर समितीचा पहिला शेरा ठरलेला असतो: विषय भरकटला. मला हा शेरा पटत नाही. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर पानांवर जगतं. पानातला सेल्युलोज स्वतःच्या पाचक रसांनी पचवणं त्याला जमत नाही. त्याच्या जठराला कप्पे असतात, पुढच्या कप्प्यात जिवाणू पाला आंबवतात, आणि मागच्या कप्प्यात ते जिवाणूच पचवले जातात. गाईच्या पोटात चालतं तसंच. जिवाणू फोडणारं लायसोझाइम हे विकर गाय आणि वानर या दोघांच्या जठरात वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकसारखं झालं आहे, हे १९८७ मध्ये त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम लावून दाखवलं गेलं. म्हणजे सूक्ष्मजीवांचा अभ्यासक वानराच्या पोटापर्यंत पोचला तर तो वाट चुकलेला नाही. त्याचा जिवाणूच त्याला तिथं घेऊन गेला आहे.

या माहितीचा रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. लाल तोंडाच्या माकडाचं पोट एकाच कप्प्याचं आणि गालात पिशव्या. ते पिकलेलं फळ, मक्याचं कणीस, भुईमुगाची शेंग पटापट गालात भरतं आणि झाडावर जाऊन खातं. वानराला गालपिशव्या नाहीत. ते कोवळा पाला, फुलं, हिरव्या शेंगा, कच्ची फळं बसून खातं. म्हणून दोघांनी केलेलं नुकसान वेगळं दिसतं, वेगळ्या दिवसांत होतं आणि उपायही एक नाही. पंचनाम्यात 'माकडांनी नुकसान केले' एवढंच लिहिलं तर पुढचं सगळं गोंधळाचं. रामटेकच्या गडावर आणि चिखलदऱ्याला लोक वानरांना बिस्किटं, केळी, फुटाणे घालतात. साखर आणि पीठ त्या कप्प्यात झटपट आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं. गाईनं एकदम धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर होतं तसंच. भक्तिभावानं घातलेला घास त्या जनावराला जड जातो, आणि वर माणसाच्या हातातून हिसकायची सवय लागते ती वेगळीच.

माकडांच्या नोंदीत कोरा तास कसा ओळखायचा? इथं तो कोऱ्या दिवसाच्या रूपात असतो. कळप आला आणि हरभऱ्याचे शेंडे खुडले, त्या दिवसाची नोंद सगळेच करतात. कळप आला आणि काही न खाता गेला, किंवा आलाच नाही, तो दिवस कोणी लिहीत नाही. मग वाघाचं चित्र लावल्यावर किंवा फटाके वाजवल्यावर कळप चार दिवस आला नाही, तर उपाय लागू पडला म्हणायचं का? आधीही तो मधे चार-चार दिवस येत नसेल तर? प्राण्यांचं निरीक्षण कसं नोंदवावं यावर जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे: डोळ्यात भरेल तेवढंच लिहिलं तर नोंद वाकडी होते. ठरलेल्या वेळाला, ठरलेल्या अंतरानं पाहायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, काही दिसलं नाही तर तेही. दर पंधरा मिनिटांनी कळपातलं कोण काय करतं याची एक ओळ. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, महिन्यातले ठरलेले दिवस, सगळे हंगाम. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

आणि त्याला वर्षं लागतात. धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांचे कळप पाहिले. बाहेरून आलेल्या नरांनी कळपाच्या हुप्प्याला, म्हणजे म्होरक्या नराला, हुसकून लावलं, एकानं ताबा घेतला आणि कळपातली पिल्लं मारली गेली. पुष्कळांनी हा विकृत वागण्याचा अपवाद मानला. १९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी याचा अर्थ लावला: पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं होतं. वाद चालूच राहिला. शेवटी नेपाळमधल्या रामनगरच्या कळपांतल्या डीएनए तपासणीतून १९९९ मध्ये दिसलं की पिल्लं मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. एका प्रश्नाला पस्तीसहून अधिक वर्षं आणि तीन देशांचे संशोधक. रायझोबियमची वसाहत थाळीवर आठवड्यात दिसते. वानराची मादी साधारण दोन वर्षांनी एकदा विते. या दोन विषयांतल्या माणसांना एकाच एच-निर्देशांकाच्या काट्यावर तोलायचं, यात न्याय कुठून येणार?

हे ज्ञान गावात न पोचल्याची किंमत मोठी आहे. कळप त्रास देतो म्हणून पिंजरा लावला जातो, आणि बहुतेक वेळा हुप्प्याच आधी सापडतो. तो तिसऱ्या गावाजवळ नेऊन सोडला की या गावच्या कळपातल्या माद्या आपल्या जागेवरच राहतात, कारण वानरांच्या माद्या जन्मल्या कळपातच आयुष्य काढतात. मोकळ्या नरांच्या टोळ्या चाल करून येतात, मारामाऱ्या होतात, पिल्लं मरतात, उरलेल्या माद्या लवकर पुन्हा गाभण राहतात. हरभरा खाणारी तोंडं तेवढीच. आणि ज्या गावाजवळ हुप्प्या सोडला त्यांच्या माथी नवी कटकट. २०२२ च्या दुरुस्तीत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतून लाल तोंडाच्या माकडाचं नाव निघालं. आता त्यांच्याबाबत काय करायचं, याचा भार स्थानिक कारभारावर जास्त येणार. अशा वेळी ज्याच्याकडं एका तालुक्यातल्या कळपांची पाच वर्षांची सरळ नोंद आहे, तो माणूस निर्देशांकात खाली असला तरी आपल्या कामाचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो: सगळं संशोधन गावाच्या उपयोगावर तोललं तर मूलभूत काम मरेल. आक्षेपात वजन आहे आणि त्याचं उत्तर विदर्भाच्या पऱ्हाटीतच आहे. झाडाच्या खोडावर रोगाच्या गाठी आणणारा जिवाणू स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये ओळखला. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, हे १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याच जिवाणूच्या मदतीनं कपाशीत बीटीचं जनुक घातलं गेलं आणि २००२ मध्ये ते बियाणं भारतात मंजूर झालं. पुढं गुलाबी बोंडअळी त्याला कशी दाद देईनाशी झाली, तो स्वतंत्र विषय. १९०७ साली स्मिथ यांना कुणी विचारलं असतं की याचा कास्तकाराला उपयोग काय, तर त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून लगेचचा उपयोग ही माझी कसोटी नाही. गाठीतून काढलेला जिवाणू निरोगी झाडाला टोचला की पुन्हा तशीच गाठ येते, हे त्यांनी दाखवलं होतं, म्हणून सत्तर वर्षांनंतरही त्या कामावर पाय ठेवून पुढं जाता आलं. मूलभूत काम असो की वावरातलं, ते दुसऱ्याला तपासता येतं का, एवढंच पाहायचं.

मग व्यवहारात काय करायचं? निवड आणि बढतीच्या अर्जात निबंधांची पूर्ण यादी मागूच नये. उमेदवारानं स्वतःची पाच कामं निवडावीत आणि समितीनं ती वाचावीत; वाचायला वेळ नसलेल्या माणसानं समितीवर बसू नये. जिवाणूंचं काम असेल तर संग्रहातला नंबर, प्राण्यांचं असेल तर निरीक्षणाचे एकूण दिवस आणि त्यातले कोरे दिवस, ही माहिती अर्जावरच हवी. फरक न पडलेल्या प्रयोगाला फरक पडलेल्याइतकेच गुण द्यावेत. तालुक्याच्या महाविद्यालयांना तर माझी एक सरळ सूचना आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागानं दरवर्षी मे-जूनमध्ये आसपासच्या कृषी केंद्रांतली पाकिटं विकत घेऊन तपासावीत. दहा ग्रॅम भुकटी ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, तिथून दर पायरीला दहापट पातळ करत जायचं. एक लाख पट पातळ द्रवातला ०.१ मिलिलिटर काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमाच्या थाळीवर पसरायचा आणि २८ ते ३० अंशांना ठेवायचा. रायझोबियमच्या वसाहती पांढऱ्या, पाणीदार राहतात. बाकीचे पुष्कळ जिवाणू लाल रंग ओढून घेतात. थाळीवर ५० वसाहती आल्या तर ग्रॅमला ५ कोटी, पाकीट नियमाला उतरलं. सोयाबीनचा जिवाणू सावकाश वाढतो, त्याला आठवडाभर द्यावा. तिसऱ्या दिवशी थाळी कोरी दिसली म्हणून पाकीट मेलं असं लिहू नये. पदवीच्या विद्यार्थ्यांना जमेल असं हे काम आहे. पेरणीच्या आधी निकाल गावच्या फलकावर लागला, तर तो त्या विभागाच्या संशोधनाच्या नोंदीत ठळक लिहावा, आणि समितीनं त्याला गुण द्यावेत.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवार फेरी भरते, दुरून कास्तकार येतात, उभी पिकं पाहतात. चांगली प्रथा आहे. पण तेव्हा सोयाबीन पिकायला आलेलं असतं आणि गाठी म्हातारून आतून हिरव्या-तपकिरी झालेल्या असतात. जिवाणूंचं काम दिसायची वेळ टळून गेलेली असते. जूनच्या अखेरच्या पेरणीला ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चाळीस दिवस भरतात, पोळ्याच्या आधी. त्या दिवसांत प्रत्येक संशोधन केंद्रानं एक लहान फेरी ठेवावी. धुऱ्यावर पाण्याच्या दोन बादल्या, कुदळ, ब्लेडची पाती. एका बाजूला लावलेले तास, दुसऱ्या बाजूला कोरे, मधे पाटी, आणि पाटीवर प्रयोग करणाऱ्याचं नाव. आलेल्या कास्तकारानं हवं ते झाड उकरावं, धुवावं आणि गाठ कापून पाहावी.